अकरा नंबरच्या खाटेवरची विद्यार्थिनी

वर्गात तिला सगळे ‘सिनियर’ म्हणायचे. वय सहासष्ट, बाक पहिला. वार्धक्यशास्त्राचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम ती चार वर्षं करत होती. एका वर्षी नवऱ्याच्या आजारपणात पेपर राहिले, तो गेला आणि पेपरही गेले. दुसऱ्या वर्षी मोतीबिंदू काढला, तेव्हा महिनाभर अक्षरं पाण्यात पडल्यासारखी दिसायची. आता नावनोंदणीची मुदत या सत्राबरोबर संपत होती. लेखी परीक्षा चांगली गेली होती. उरली होती फक्त तोंडी. आज, दुपारी चार वाजता. ती दिली तर पदवी, हुकली तर चारही वर्षं पाण्यात.

“चार वर्षांत लोक डॉक्टर होतात, आई,” मुलगा चिडवायचा.

“मी म्हातारी झाले. ते काय सोपं होतं?” ती म्हणायची.

सुनेनं तिला एक वाजता वृद्धनिवासाच्या फाटकाशी गाडीतून उतरवलं. निवास विद्यापीठाच्याच आवारात होता, मधली बाग ओलांडली की विभागाची इमारत. तोंडीला बसण्याआधी प्रात्यक्षिकाच्या वहीवर इथल्या मुख्य सिस्टरची सही लागायची. तिची सगळी प्रात्यक्षिकं मागच्या इमारतीत, दिवसापुरतं येणाऱ्या म्हाताऱ्यांबरोबर झाली होती. पुढच्या निवासी कक्षात ती आज पहिल्यांदाच पाऊल टाकणार होती.

“सही घ्या आणि सरळ विभागात जा,” सून म्हणाली. “वाटेत गप्पा मारत बसू नका.”

“मी कुठे गप्पा मारते?”

“बत्तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये मग काय केलंत?”

“ऐकलं. बोलणारे दुसरेच होते गं बाई.”

सून हसली, पिशवी तिच्या खांद्याला अडकवली, शाल सारखी केली आणि गेली.

काचेचं दार आपोआप उघडलं आणि तिच्या मागं हलकेच मिटलं. आत उन्हाचा रंग वेगळाच होता. पडदे फिकट पिवळे, त्यांतून गाळून आलेलं ऊन दुधात मध कालवल्यासारखं. फरशी इतकी स्वच्छ की आपलीच सावली आपल्याकडे वर बघते. कुठंतरी पंखा फिरत होता, कुठंतरी कुणी झोपेत खोकत होतं. तिला वाटलं, आपण तळ्यात उतरतोय. एकेक पायरी, गार, मऊ.

“आल्या का? या, या. वाटच बघत होतो,” एक बाई पुढं आली. चाळिशीची, गोल चेहऱ्याची, केसांत फुलपाखराची मोठी क्लिप. कक्षातले सगळे तिला क्लिपवाली म्हणायचे, हे सिनियरला नंतर कळलं.

विभागातून फोन आला असेल, किती चांगली माणसं, असं वाटून सिनियर सुखावली.

“मुख्य सिस्टर आहेत का? वहीवर सही हवी होती.”

“आहेत ना, जेवायला गेल्यात. तुम्ही बसा, चहा घ्या. द्या ती पिशवी इकडं, खांदा दुखेल.”

पिशवी गेली. पिशवीत वही होती, फोन होता, चष्मा होता. चहा आला. कप देता देता कलंडला आणि शालीपासून पायापर्यंत सगळं भिजलं. क्लिपवालीनं जीभ चावली. “अरे देवा, भाजलं तर नाही ना? चला, लगेच बदलू.” पडद्याआड नेऊन तिनं ओले कपडे इतक्या सराईत हातांनी उतरवले की सिनियरला लाजायला सवडच मिळाली नाही. अंगावर एक धुतलेला, निळा, सैल झगा आला. पायांतले बूट गेले, रबरी तळाच्या मऊ सपाता आल्या. “फरशी निसरडी आहे, हे बरं.” मनगटावर एक कागदी पट्टी बसली. सिनियरनं हात लांब धरून पट्टी वाचली. अकरा.

“हे काय?”

“तुमची खाट. खिडकीपाशी आहे, ऊन छान येतं. बघा तर खरं.”

खाटेच्या डोक्याशी एक कार्ड टांगलं होतं, मोठ्या अक्षरांत, म्हणून चष्म्याविना वाचता आलं. ‘खाट ११. आज दुपारी दाखल. निवृत्त शिक्षिका. शाळेत परीक्षा आहे, तिथं जायचं आहे, असं वारंवार सांगतात. वाद घालू नये.’

सिनियर हसायला लागली. खूप दिवसांनी असं पोटातून हसू आलं.

“अहो, ही मी नव्हे!”

“नसाल हो,” क्लिपवाली प्रेमानं म्हणाली.

“मी तिकडच्या विभागातली विद्यार्थिनी आहे. चार वाजता माझी तोंडी परीक्षा आहे.”

“हो का? अगबाई! विषय कोणता?”

“वार्धक्यशास्त्र.”

“छान विषय आहे. मग जरा पडा, म्हणजे डोकं ताजं राहील.”

सिनियरचं हसू ओठांवरच वाळलं. हा आवाज तिनं ओळखला. हा तिसऱ्या पेपरातला आवाज होता. ‘स्मृतिभ्रंश झालेल्या व्यक्तीशी संवाद’, प्रश्न पाचवा, गुण पंधरा. त्यांचं म्हणणं खोडू नका, त्यांच्या जगात जा, रस दाखवा, मग हळूच दुसरीकडे वळवा. हे उत्तर तिनं असं काही लिहिलं होतं की सरांनी वर्गात वाचून दाखवलं होतं. क्लिपवाली तेच करत होती, आणि इतकं नीट करत होती की सिनियरनं परीक्षक म्हणून तिला पैकीच्या पैकी दिले असते.

ती दाराकडे गेली. दाराला आतून आकड्यांची कळ होती. तिनं उगाच दोन-तीन आकडे दाबले. दार ढिम्म.

“बाहेर फिरायला संध्याकाळी जाऊ या हं,” मागून आवाज आला.

आता ओरडावं? तिला वहीतलं पान डोळ्यांसमोर दिसलं. दाखल झाल्यावर पहिल्या दिवशी दिसणारी लक्षणं: दाराशी घुटमळणे. आपल्या वस्तू चोरल्या गेल्या असे म्हणणे. कर्मचाऱ्यांवर संतापणे. रडणे. शेवटी ‘गरज वाटल्यास डॉक्टरांना सांगून झोपेचे औषध’. शहाण्या माणसाला अशा वेळी जे जे सुचेल ते ते तिथं ओळीनं लिहिलेलं होतं. तिनं स्वतःच्या हातानं लिहिलं होतं, लाल पेनानं अधोरेखित करून. पळावं तर लक्षण, बसावं तर लक्षण. अडकित्त्यात सापडल्यासारखं झालं तिला, आणि अडकित्त्याला धारही तिनंच लावलेली.

ती खाटेवर जाऊन बसली. भिंतीवरचं घड्याळ दीड दाखवत होतं. मुख्य सिस्टर जेवून येतील, वही बघतील, उलगडा होईल. तोवर शांत बसायचं.

शेजारच्या दहा नंबरच्या खाटेवर एक इवलीशी म्हातारी बसली होती, वाळवणातल्या बोरासारखी. तिनं मान वळवली.

“नवीन का?”

“नाही हो. माझी परीक्षा आहे चारला. चुकून अडकले इथं.”

“अगबाई! परीक्षा?” म्हातारीनं गालावर हात ठेवला. “मग अशा बसलात काय? अभ्यास करा की!”

सिनियरला एकदम भरून आलं. या दारातून आत आल्यापासून कुणीतरी पहिल्यांदाच तिचं म्हणणं खरं धरलं होतं. पाच मिनिटं गेली. दहा नंबरनं पुन्हा मान वळवली.

“नवीन का?”

पुन्हा तेच सांगितलं, पुन्हा तोच हात गालावर, तोच ताजा धक्का. “अगबाई! मग अभ्यास करा की!” त्या बिचारीला काही आठवत नव्हतं. पण दर वेळी ती नव्यानं विश्वास ठेवत होती.

दोन वाजता पडदे ओढले गेले. निवासाची झोपेची वेळ. सगळ्या कक्षावर एक मोठं पिवळं पांघरूण पडल्यासारखं झालं. सिनियरनं ठरवलं होतं, डोळे मिटायचे नाहीत. पण उशी फार मऊ होती, झगा फार सैल होता, आणि गेल्या दोन वर्षांत दुपारी कुणी तिला ‘जरा पडा’ म्हटलं नव्हतं. घरी सगळे आपापल्या कामावर. ती एकटी, पुस्तकं, आणि फ्रिजची घरघर.

डोळा लागला.

स्वप्नात ती एक्स्चेंजमध्ये होती. समोर तोच उभा बोर्ड, पण भिंतीपेक्षा उंच, आभाळापर्यंत गेलेला, आणि त्याच्यावर असंख्य दिवे लुकलुकत होते. प्रत्येक दिवा म्हणजे एक म्हातारा. ती वायर उचलायची, भोकात खुपसायची, विचारायची, “नंबर सांगा.” पलीकडून आवाज यायचा, “घर. घर द्या.” “कुठलं घर?” “ते... दाराशी जाईचा वेल असलेलं.” ती वायर घेऊन बोर्डभर हात फिरवायची. जाईचा वेल असलेलं घर कुठल्या भोकात ते सापडत नव्हतं. दिवे वाढत होते. आणि तिच्या कानाशी कुणीतरी गुणगुणत होतं:

नाही म्हणू नये बाई, म्हाताऱ्याच्या सपनाला
बोट धरून चालावं, त्याच्या जुन्या अंगणाला

तिनं डोळे उघडले. गुणगुणणं खरंच चालू होतं. क्लिपवाली खाटांमधून फिरत पांघरुणं सारखी करत होती, आणि गात होती.

“हे कुठं ऐकलंत?” सिनियर उठून बसली.

“हे? आमच्या प्रशिक्षणात शिकवलं. कागद दिला होता छापलेला. सगळे नियम असेच, ओव्यांत. लक्षात राहतात.”

“ते माझं आहे.”

पहिल्या वर्षी तिला सिद्धांत पाठ व्हायचे नाहीत. मग तिनं एकेक सिद्धांत ओवीत बसवला, आईच्या चालीवर. मुलींनी ते उतरवून घेतलं, एकीचं दुसरीकडे, दुसरीचं तिसरीकडे. कागद असा फिरत फिरत इथं पोचला होता, तिचं नाव वाटेत कुठंतरी गळून.

“मीच रचलंय ते,” ती पुन्हा म्हणाली.

“हो आजी, तुम्हीच रचलंय,” क्लिपवाली म्हणाली, आणि तिच्या पायांवरचं पांघरूण नीट केलं.

आपल्याच ओवीनं आपलं बोट धरलं होतं आणि ती आपल्याला भलत्याच अंगणात नेत होती. सिनियरनं तोंड भिंतीकडे केलं.

तीन वाजता दाराशी वर्दळ झाली. पावलं आली, आणि त्यांत एक ओळखीचा आवाज. सर! विभागप्रमुख. चार वर्षं पहिल्या बाकावरून ऐकलेला तो आवाज, ‘म्हणजे असं बघा’ म्हणून थांबणारा. त्यांच्याबरोबर एक परक्या बाई होत्या, खादीच्या कोटातल्या, केस बारीक कापलेले. बाहेरून आलेल्या परीक्षक, तिला लगेच कळलं. परीक्षेआधी सर त्यांना निवास दाखवत होते.

सिनियरनं सुटकेचा श्वास सोडला. पाय खाली सोडून ताठ बसली. केस तेवढे मोकळे सुटले होते, अंबाड्याच्या पिना पिशवीतच गेल्या होत्या. असू दे.

“ही आमची निवासी शाखा,” सर सांगत होते. “इथं आम्ही प्रत्येकाला आधी माणूस म्हणून ओळखतो, मग वय बघतो.” चालत चालत ते अकरा नंबरपाशी आले, वाकले, आणि मोठ्यानं, शब्द सुटे सुटे करत म्हणाले, “काय आजी! जेवलात का?”

तिला वाटलं, सर थट्टा करताहेत.

“सर, चार वाजता माझी तोंडी आहे,” ती म्हणाली.

सरांनी कार्डाकडे नजर टाकली. मग त्यांनी तिचा हात थोपटला, आणि तोच आवाज आला, तिसऱ्या पेपरातला. “वा! मग भरपूर अभ्यास करा हं. आणि घाबरायचं नाही!”

ते पुढं गेले. दहा नंबरलाही विचारलं, जेवलात का. परीक्षक बाईंनी दारातून एकदा मागं वळून पाहिलं. दार मिटलं.

बत्तीस वर्षं सिनियरनं नुसत्या ‘हॅलो’वरून माणसं ओळखली होती. कोण रडून आलंय, कोण खोटं बोलणार आहे, कुणाच्या घरी आज पाळणा हलला. आणि चार वर्षं ज्यांच्यासमोर ती बसली, शंका विचारल्या, वाद घातला, त्यांना तिचा आवाज ऐकून ती ओळखू आली नाही. निळा झगा आणि मोकळे पांढरे केस यांच्यामागं कुणाचा आवाज असू शकतो, हे त्यांच्या मनातही आलं नाही.

ती आडवी झाली. पडद्यावर पानांच्या सावल्या हलत होत्या, मासे पोहावेत तशा. हळूहळू तिच्या मनात एक विचार पाण्यासारखा चढत गेला. कार्ड खरं असेल तर? आपण कधीतरी शिक्षिका होतो, आता इथं आहोत, आणि एक्स्चेंज, नवरा, पहिला बाक, लाल पेन हे सगळं अकरा नंबरच्या खाटेवर पडलेलं स्वप्न असेल तर? सून? सुनेचा चेहरा आठवायला तिनं डोळे मिटले, तर फक्त गाडीचं दार दिसलं. अंग गार पडलं. आणि त्या गारव्यात भीतीपेक्षा वाईट काहीतरी होतं. विसावा होता. सोडून द्यावं. कुणाला काही सिद्ध करायला नको. चहा येईल, जेवण येईल, खिडकीत ऊन येईल. पाण्याला सांगावं लागत नाही आपण कोण. पाणी आपसूक धरतं.

“नवीन का?” दहा नंबरनं विचारलं.

 सिनियरनं खोल तळातून शब्द ओढून काढले. “माझी परीक्षा आहे.”

“अगबाई! कितीला?”

“चारला.”

म्हातारीनं घड्याळाकडे पाहिलं. “मग उठा की हो! साडेतीन होत आले!”

घड्याळात तीन वीस झाले होते. सिनियर उठून बसली.

क्लिपवाली कंगवा घेऊन आली. “चला, केस विंचरू. मोकळे बरे नाहीत दिसत.”

“सिस्टर आल्या का?”

“एका पेशंटबरोबर डॉक्टरांकडे गेल्यात. येतीलच.”

म्हणजे सही नाही. सिनियरनं पाठ तिच्याकडे केली. कंगवा केसांतून उतरला, टाळूपासून पाठीपर्यंत, सावकाश. नवरा गेल्यापासून तिच्या डोक्याला कुणाचा हात लागला नव्हता. डोळ्यांत पाणी आलं, पण तेही लक्षण, म्हणून तिनं ते आतच परतवलं. भांडून उपयोग नाही. पळून उपयोग नाही. मग उरलं काय? अभ्यास उरला.

“मला प्रश्न विचाराल?” ती म्हणाली. “परीक्षेची तयारी होईल.”

“विचारते की!” क्लिपवाली खुशीत म्हणाली. तिच्या लेखी कार्डावरची बाई शांत झाली होती. “सांगा बघू, म्हाताऱ्या माणसांना झोप कमी का लागते?”

“कमी लागत नाही. तुटक लागते. गरज तेवढीच असते, पण सलग मिळत नाही. त्यात दुपारी झोपवलं की आणखी तुटते.”

“अगदी बरोबर!” कंगवा चालत राहिला. “आणि पडू नयेत म्हणून काय करायचं?”

“चालवायचं. लोक उलट बसवून ठेवतात. बसून पायांतली ताकद जाते, आणि मग खरोखरच पडतात.”

“हुशार आहात हं तुम्ही.” एक वेणी पूर्ण झाली. क्लिपवालीनं केसांचा दुसरा भाग हातात घेतला. दोन-तीन वेळा कंगवा फिरला. मग मध्येच थांबला. “आणि... संध्याकाळी का असं होतं हो त्यांना?”

सिनियरचे कान टवकारले. आवाज बदलला होता. विचारायचं म्हणून विचारणारा आवाज वेगळा असतो, आणि उत्तराची वाट बघणारा वेगळा. पलीकडे कुणीतरी रिसीव्हर दोन्ही हातांनी धरून उभं असल्यासारखा हा आवाज होता.

“कुणाला होतं?” तिनं मागं न वळता विचारलं.

“माझे वडील. दिवसभर बरे असतात. पेपर वाचतात, माझ्या नवऱ्याला टोमणे मारतात. दिवेलागणीला मात्र उठतात, बूट घालतात, म्हणतात, चला, घरी जायचंय. अहो बाबा, हेच तर घर! म्हटलं की चिडतात. एकदा खिडकीवर काठी मारली. म्हणे, बाहेर कुणीतरी उभा आहे, टक लावून बघतोय.”

“खिडकीला पडदा आहे?”

“आहे. ओढत नाही आम्ही. वारा येतो.”

“बाहेर अंधार आणि आत दिवा, की काचेचा आरसा होतो. त्यांना त्यात एक म्हातारा दिसतो. त्यांच्या मनात ते अजून म्हातारे नाहीत, मग हा कोण? अंधार पडायच्या आधी पडदे ओढा. दिवे सूर्य असतानाच लावा, म्हणजे उजेड बदलल्याचं कळणार नाही.”

“आणि घरी जायचं म्हणतात त्याचं?”

“हेच घर, असं सांगू नका. ‘हो, जाऊ’ असंही नुसतं म्हणू नका. विचारा, घरी जाऊन काय करायचंय, बाबा? काय काम होतं त्यांचं?”

“सुतार होते.”

“मग कदाचित दुकान बंद करायचं राहिलं असेल. हत्यारं मोजून ठेवायची असतील. काय ते कळलं की ते इथंच करू द्या. त्यांना पत्ता नको असतो हो. काम संपवायचं असतं.”

क्लिपवालीनं कंगवा खाटेवर ठेवला. पंखा फिरत राहिला.

“हत्यारंच,” मग ती हळू म्हणाली. “परवा चमचे मोजत बसले होते स्वयंपाकघरात. मी हातातून काढून घेतले.” तिच्या हातात सिनियरचे केस तसेच होते, अर्धे. “हे तुम्हाला कसं माहीत?”

“तिसरा पेपर.”

“कुठला तिसरा पेपर?”

“तुमच्या समोरच्या इमारतीतला.”

क्लिपवाली खाटेच्या बाजूनं फिरून समोर आली. सिनियरच्या चेहऱ्याकडे तिनं पाहिलं, दुपारपासून पहिल्यांदा. तिची नजर चेहऱ्यावरून कार्डावर गेली, कार्डावरून मनगटाच्या पट्टीवर, पट्टीवरून पुन्हा चेहऱ्यावर.

“तुमची पिशवी... मी उघडलीच नाही. कपड्यांवर नंबर घालायला संध्याकाळी पाठवतात, म्हणून तशीच ठेवली.”

“आता उघडा.”

ती धावली. सिनियरनं ऐकलं, कपाटाचं दार, चेन, मग वहीची पानं, मग फोनची बटणं. “हॅलो, आज अकरा नंबरवर येणार होत्या त्या... उद्या? कुणी सांगितलं? सकाळी? मला नाही सांगितलं कुणी!” मग ती परत आली तेव्हा वही छातीशी धरलेली होती. मागोमाग मुख्य सिस्टर आल्या, तोंड पांढरं झालेलं.

“अहो, आमचं फार चुकलं हो आजी...” त्या त्याच मऊ आवाजात बोलायला लागल्या.

“सिस्टर, साधं बोला,” सिनियर म्हणाली. “आणि सही करा. पाच मिनिटं आहेत.”

कपडे ओलेच होते. बूट सापडेनात. सिस्टरनी तीन ठिकाणी सह्या केल्या, क्लिपवालीनं दाराचे आकडे दाबले, आणि सिनियर निळ्या झग्यात, रबरी सपातांत, बागेतून निघाली. पळता येत नव्हतं, पण चालता येत होतं. दाराशी उभं राहून क्लिपवाली ओरडली, “खूप छान जाईल!” आणि हा आवाज पेपरातला नव्हता. बागेतलं ऊन लख्ख होतं. माळी नळी धरून थांबला आणि बघत राहिला. तिला वाटलं, आपण अजून झोपेतच चालतोय. पण सपातीत खडा गेला, टोचला. मग तिची खात्री पटली.

परीक्षेच्या खोलीत टेबलामागं दोघं बसले होते. चार वाजून चार मिनिटं झाली होती. सरांनी यादीतून मान वर केली, झगा पाहिला, आणि उठले.

“आजी, तुम्ही इकडं कशा? कुणी सोडलं यांना? थांबा हं, मी फोन करतो...”

“मी मगाशी सांगितलं, सर,” सिनियर म्हणाली. “चार वाजता माझी तोंडी आहे.”

तिनं वही टेबलावर ठेवली. सरांनी नाव वाचलं. मग तिच्याकडे पाहिलं, एक वेणी आणि अर्धे मोकळे केस. त्यांच्या चेहऱ्यावरून रंग उतरत गेला, भिंतीवरून ऊन उतरावं तसा.

“आपण भेटलो आहोत,” परीक्षक बाई म्हणाल्या. त्यांनी पेन खाली ठेवलं होतं. “अकरा नंबर. दारातून बाहेर पडताना मला काहीतरी खटकलं. काय ते कळेना.”

सर खाली बसले. “मी फार मोठ्यानं बोललो का?” त्यांनी विचारलं. अगदी बारीक आवाजात.

“हो सर. मला ऐकू येतं.”

 सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला, आणि प्रश्नांची छापील यादी परीक्षक बाईंकडे सरकवली. “मी विचारू नये. तुम्ही विचारा.”

बाईंनी यादी पाहिलीसुद्धा नाही. “पंधरा मिनिटं आहेत आपल्याकडे,” त्या म्हणाल्या. “तीन तास तिथं होतात. काय शिकलात?”

सिनियर खुर्चीवर बसली. तिला वाटलं होतं, सरांवर राग येईल. राग आला नाही. समोरचे ते पांढरे होत चाललेले कल्ले तिला दिसत होते. अजून दहा वर्षांनी हेही कुठल्यातरी खाटेवर असतील, आणि कुणीतरी वाकून विचारेल, जेवलात का.

“आधी माझं उत्तर दुरुस्त करते,” ती म्हणाली. “तिसऱ्या पेपरात मी लिहिलं होतं, त्यांच्या जगात जा. तुम्ही वाचून दाखवलंत, सर. ते अपुरं आहे. जाण्याआधी ते जग खोटं आहे, हे ठरवलं कुणी, ते विचारायचं राहिलं माझं. तिथली बाई फार चांगली होती. माझा एक शब्दही तिनं खोडला नाही. आणि म्हणूनच मला बाहेर पडता येईना. कुणी नाही म्हटलं असतं, तर भांडता तरी आलं असतं.”

“मग काय करावं?”

“तेच सांगते. पण त्याला दहा नंबरच्या बाईंपासून सुरुवात करावी लागेल.”

तिनं सांगायला सुरुवात केली. विश्वास नव्यानं ठेवणारी म्हातारी, दाराची कळ, लक्षणांची यादी जी सुटायची एकही वाट सोडत नाही, तळातला तो विसावा आणि तो किती धोक्याचा. केसांतला कंगवा जिथं थांबला ती जागा. सर लिहून घेत होते. चार वर्षांत त्यांना काही लिहून घेताना तिनं पहिल्यांदा पाहिलं.

दाराशी शिपाई येऊन उभा राहिला. “पुढची मुलगी आलीय. वेळ झाली.”

परीक्षक बाईंनी पेनाचं टोपण लावलं. “ठीक आहे, पुरे,” त्या उठता उठता म्हणाल्या. “पास आहात तुम्ही, हे सांगायला निकालाची गरज नाही.”

“थँक्यू,” सिनियर म्हणाली, पण उठली नाही. सपातीतला खडा काढून तिनं टेबलाच्या कडेला ठेवला, आणि खुर्ची थोडी पुढं ओढली. “बसा. माझं अजून झालं नाही.”

बाईंनी सरांकडे पाहिलं. मग त्या बसल्या, आणि टोपण पुन्हा काढलं.